हंडा कितीही उकळा, नऊ ते नऊच : किनवटचं पाणी, किल्लारीचा वायू आणि अणुअंक

(या भागाचं हे लेखी रूप. अडखळणं, खोकणं आणि मध्येच आलेला दुधवाल्याचा हॉर्न तेवढा काढलाय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग माझ्या मावशीच्या एका हंड्यावरून सुचला, म्हणून तिथूनच सुरू करते.

माझी एक मावशी किनवट तालुक्यात राहते. नांदेडहून निघालं की भोकर, हिमायतनगर करत जावं लागतं. पुढे डोंगर आणि सागाचं जंगल लागतं, तिकडे. गेल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा चुलीवर पितळेचा हंडा खदखदत होता. मी म्हणलं, एवढं पाणी कशाला तापवतीस? तर म्हणाली, "अगं, गावातल्या बोअरचं पाणी खराब हाय म्हणून सांगून गेले. तवापासून इस मिनिटं उकळते मी. आता काय राहतंय त्यात?"

तिचा नातू शेजारी उभा होता, नऊ-दहा वर्षांचा. हसला तेव्हा त्याचे दात दिसले. समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि मधे पिवळट तपकिरी डाग. घासून न जाणारे. गावात बऱ्याच पोरांचे तसेच आहेत. बोअरच्या हातपंपाला लाल रंग मारलेला. पाण्याचा तपासणी अहवाल मी मागून घेतला : फ्लोराइड, लिटरला 2.4 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे ते 1 च्या आत हवं, आणि दुसरी सोयच नसेल तर फार तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. काय राहतंय त्यात? सगळं राहतंय. उलट वाढतंय. हंड्यात 12 लिटर पाणी होतं असं धरा. त्यात 2.4 च्या हिशोबाने 28.8 मिलिग्रॅम फ्लोराइड. उकळून उकळून पाव हंडा वाफ होऊन गेला, राहिलं 9 लिटर. वाफ पाण्याची झाली, फ्लोराइड हंड्यातच थांबलं. आता 28.8 भागिले 9 करा. लिटरला 3.2 येतं. म्हणजे बिचारी सरपण जाळून नातवाला जास्त घट्ट फ्लोराइड पाजत होती.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली की काय सांगू. "मग सरकारच सांगतं की पाणी उकळून प्या म्हणून!" तिचं चुकलं नव्हतं हो. कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर यांच्यासाठी उकळून प्या हे शंभर टक्के खरं. मग जंतूला जे लागू पडतं ते फ्लोराइडला का पडत नाही? मावशीला मी तिथे चुलीपाशी जेवढं जमलं तेवढं सांगितलं. नीट सांगायचं राहिलं, ते आज सांगते.

बघा, जंतू म्हणजे एक रचना आहे. लाखो-कोटी अणू एका विशिष्ट पद्धतीने जोडलेले. उष्णता दिली की ती जोडणी विस्कटते, जसं अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही. विहिरीत टीसीएल पावडर टाकतात तेव्हाही तेच, क्लोरीन ती जोडणी मोडतो. घर पाडलं, विटा राहिल्या. विटा राहिल्या तरी आपल्याला काही त्रास नाही, कारण त्रास घराचा होता.

फ्लोराइड हे घर नाही. ती वीट आहे. आणि वीट चुलीवर फुटत नाही.

ही वीट म्हणजे मूलद्रव्य. आता इथे मला माझ्या लातूरच्या दिवसांची आठवण येते. मी अकरावी-बारावी लातूरला खोली करून केली. तेव्हा नीट नव्हती, सीईटी होती, पण लातूर पॅटर्न जोरात होता. पहाटे साडेचारला उठून आम्ही आवर्त सारणी घोकायचो. एकीने आकडा म्हणायचा, दुसरीने नाव. सहा, कार्बन. सात, नायट्रोजन. आठ, ऑक्सिजन. नऊ, फ्लोरिन. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो. पण ‘नऊ’ म्हणजे नऊ काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. मार्क मिळाले की झालं. पंधरा-वीस वर्षांनी मावशीच्या चुलीपाशी पहिल्यांदा वाटलं की त्या नऊला काहीतरी अर्थ होता.

नऊ म्हणजे नऊ प्रोटॉन. बस एवढंच. अणूच्या मधोमध केंद्रक असतं, त्यात धन विद्युतभाराचे प्रोटॉन असतात आणि त्यांची संख्या हीच त्या मूलद्रव्याची ओळख. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात त्याला अणुअंक म्हणलंय. केंद्रकात आठ असतील तर तो ऑक्सिजन, ज्याच्यावर आपण जगतो. नऊ असतील तर फ्लोरिन, जो वायूच्या रूपात काच सुद्धा कुरतडतो. दहा असतील तर निऑन, जो कुणाच्या अध्यात ना मध्यात. आठ, नऊ, दहा. एकेका प्रोटॉनचा फरक आणि स्वभावात केवढं अंतर! आणि साडेआठ असं काही नसतं. वजनात, रंगात, उंचीत मधल्या पायऱ्या असतात, इथे नाहीत.

तुम्ही म्हणाल, अणूत इलेक्ट्रॉन पण असतात, न्यूट्रॉन पण असतात. मग मान एकट्या प्रोटॉनलाच का?

चांगला प्रश्न आहे, आणि मावशीच्या पाण्यातच त्याचं उत्तर आहे. त्या पाण्यात फ्लोरिन नाही, फ्लोराइड आहे. म्हणजे फ्लोरिनच्या अणूने कुठून तरी एक जादा इलेक्ट्रॉन पटकावलाय. प्रोटॉन 9, इलेक्ट्रॉन 10. त्याच पाण्यात सोडियम विरघळलेला आहे. त्याचे प्रोटॉन 11, पण त्याने एक इलेक्ट्रॉन देऊन टाकलाय, म्हणून त्याच्याकडे पण इलेक्ट्रॉन 10. आणि निऑनकडे मुळातच 10. म्हणजे तिघांकडे सारखेच दहा दहा इलेक्ट्रॉन! एकाच शाळेचा गणवेश घातलेली तीन पोरं. पण म्हणून सोडियम कधी फ्लोरिन झाला का? नाही. इलेक्ट्रॉन येतात, जातात, उसने दिले-घेतले जातात. रसायनशास्त्र म्हणजे जवळजवळ सगळा हा इलेक्ट्रॉनच्या उसनवारीचा व्यवहार. जळणं, गंजणं, आंबणं, शिजणं, सगळं त्यात आलं. प्रोटॉनला त्यात कुणी हात लावत नाही.

का लावत नाही? कारण तो हाताला लागतच नाही. फ्लोरिनच्या केंद्रकापेक्षा त्याचा अख्खा अणू साधारण वीस हजार पट रुंद आहे. आपल्या भाषेत सांगते. एक सव्वा एकराचं गोल रान घ्या. बरोबर मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा. तो दाणा म्हणजे केंद्रक. नऊच्या नऊ प्रोटॉन त्या दाण्यात, आणि इलेक्ट्रॉनचा वावर पार बांधापर्यंत. दोन अणू एकमेकांना भेटतात म्हणजे दोन रानांचे बांध एकमेकांना लागतात. भांडण बांधावर होतं, मराठवाड्यात हे वेगळं सांगायला नको. मधल्या दाण्यापर्यंत कुणी पोचत नाही. आणि त्या दाण्यातले प्रोटॉन ज्या बलाने एकत्र बांधलेत ते तोडायला चुलीच्या जाळापेक्षा लाखो पट ऊर्जा लागते. म्हणून उकळून, गाळून, उन्हात ठेवून, तांब्याच्या भांड्यात ठेवून, तुरटी फिरवून, काहीही करून नऊचे आठ होत नाहीत.

लोखंडाचं सोनं करणारा परीस का सापडला नाही, त्याचंही कारण हेच. लोखंड 26, सोनं 79. प्रत्येक केंद्रकात त्रेपन्न प्रोटॉन घालायचे, आणि तेही नुसतं घासून!

आता न्यूट्रॉनचं बघू. न्यूट्रॉनमुळे वजन बदलतं, जात बदलत नाही. निसर्गातल्या फ्लोरिनमध्ये 9 प्रोटॉनसोबत 10 न्यूट्रॉन असतात. पण पेट स्कॅनचं नाव ऐकलं असेल, कॅन्सरच्या तपासणीसाठी करतात. त्यात जे औषध टोचतात त्यात फ्लोरिनच असतो, फक्त एक न्यूट्रॉन कमी असलेला, 9 आणि 9. रासायनिक वागणं सगळं फ्लोरिनचं, कारण प्रोटॉन नऊ आहेत. पण तो टिकाऊ नाही. साधारण 110 मिनिटांत त्यातले अर्धे अणू बदलून जातात, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, नऊचे आठ होतात. आणि आठ झाले की तो फ्लोरिन राहत नाही, ऑक्सिजन होतो. हे बदलणं मात्र कुणाच्या उकळण्याने होत नाही, ते केंद्रकाच्या आतून होतं. मघाशी मी म्हणलं नऊचे आठ होत नाहीत, ते चुलीपुरतं. आतून होऊ शकतात. या ‘आतून’वर मी परत येणार आहे, कारण त्यासाठी आपल्याला किल्लारीला जायचंय.

पण आधी वजनाचा घोळ संपवते. 1869 मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची सारणी मांडली तेव्हा प्रोटॉन कुणाला माहीतच नव्हता, म्हणून त्याने अणूच्या वजनाचा आधार घेतला. बहुतेक जागी जमलं. काही जागी गडबड झाली. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड निघाला, पण गुणधर्म बघितले तर टेल्युरियम आधी यायला हवा. मेंडेलीव्हने वजन बाजूला ठेवून गुणांवरून जागा दिली, आणि वजनच कुणीतरी चुकीचं मोजलं असणार असं मानलं. वजन बरोबर होतं. वजन हा निकषच चुकीचा होता. 1913 मध्ये हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण मोजले आणि त्याला दिसलं की ते एकेक पायरी चढत जातात, मधली पायरी चुकत नाही. ती पायरी म्हणजे केंद्रकावरचा धनभार. टेल्युरियम 52, आयोडीन 53. वाद संपला. एखादी पायरी रिकामी दिसली तर तिथलं मूलद्रव्य अजून सापडायचंय, हे पण त्यावरून कळायला लागलं. मोझली पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये गॅलिपोलीला गोळी लागून गेला. वय 27. ‘प्रोटॉन’ हे नाव रदरफोर्डने दिलं ते 1920 मध्ये, ते ऐकायला तो नव्हता.

असो. परत पाण्याकडे.

हे फ्लोराइड किनवटलाच का? मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा, बेसॉल्टचा. लातूर तर सगळंच. पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, किनवट, बिलोली, देगलूर या बाजूला, काळ्या दगडाची चादर संपते आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. तेलंगणात दिसतो तसाच. देगलूरच्या बाजूला मोठमोठ्या गोल शिळा बघितल्या असतील, त्याच. या दगडातल्या काही खनिजांत फ्लोरिन असतो. पाणी त्या दगडाच्या भेगांत वर्षानुवर्षं बसून राहिलं की थोडं थोडं फ्लोराइड त्यात उतरतं. उथळ विहिरीचं पाणी दरवर्षी पावसाने बदलतं, खोल बोअरचं पाणी जुनं असतं, दगडात मुरलेलं. दुष्काळात आपण काय करतो? आणखी खोल जातो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा किती बोअर किती खोल गेले ते लातूरकरांनी बघितलंय. जिथे खाली ग्रॅनाइट आहे तिथे खोल जाण्याची ही किंमत असू शकते.

आणि चवीवर जाऊ नका. कॅल्शियम भरपूर असलेल्या जड पाण्यात फ्लोराइड फार साचू शकत नाही, कॅल्शियम त्याला धरून खाली बसवतो. उलट जे पाणी मऊ, ज्याला आपण ‘गोड’ म्हणतो, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो, त्यातच फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता असते. मावशीचं म्हणणं हेच होतं, "एवढं गोड पाणी, त्यात काय खराब असंल?"

आता हाडांचा भाग. मला स्वतःला वाचताना सगळ्यात चकित करून गेला तो हा.

आपलं हाड आणि दात ज्या खनिजाचे बनलेत त्यात कॅल्शियम असतं, फॉस्फेट असतं आणि हायड्रॉक्साइड नावाचा छोटा गट असतो. हायड्रॉक्साइड म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, वर एक जादा इलेक्ट्रॉन. आता प्रोटॉन मोजा. ऑक्सिजनचे 8, हायड्रोजनचा 1. झाले 9. इलेक्ट्रॉन 10. आणि फ्लोराइडचे? प्रोटॉन 9, इलेक्ट्रॉन 10.

तंतोतंत तोच हिशोब! दोघांवर भार सारखा, आकार जवळजवळ सारखा. म्हणून हाडाच्या स्फटिकात हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड आरामात जाऊन बसतो. शरीराला फसवायला एवढं पुरतं. पण बेरीज सारखी असली तरी वाटणी वेगळी आहे. हायड्रॉक्साइडमध्ये ते नऊ दोन केंद्रकांत विभागलेत, आठ इकडे आणि एक तिकडे. फ्लोराइडमध्ये नऊच्या नऊ एकाच केंद्रकात. तेवढ्याने स्वभाव बदलतो. हायड्रॉक्साइडला आम्ल भेटलं की तो लगेच त्याच्याशी जुळून पाणी होतो आणि स्फटिक झिजायला लागतो. फ्लोराइड आम्लाला तेवढी दाद देत नाही. म्हणून अगदी थोडं फ्लोराइड दाताला चांगलं, कीड लागत नाही, टूथपेस्टमध्ये घालतात ते त्यासाठी. आणि जास्त झालं की तेच घातक. पोरांचे पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर एनॅमलची घडण बिघडते. ते डाग नंतर पाणी बदललं तरी जात नाहीत. वर्षानुवर्षं फार जास्त जात राहिलं तर हाडं आणि सांधे ताठरतात, कंबर वाकते, मान वळत नाही. गावात अशी माणसं आहेत. वातामुळे झालं म्हणून वर्षानुवर्षं तेल चोळत बसलेली.

मग करायचं काय? फ्लोरिन मोडता येत नाही, मारता येत नाही. तो फक्त हलवता येतो. पाण्यातून काढून दुसरीकडे ठेवायचा. फ्लोराइडवरचे सगळे उपाय याच एका गोष्टीचे वेगवेगळे प्रकार आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली नालगोंडा पद्धत आहे, तेलंगणातल्या नालगोंडा जिल्ह्याच्या नावाची. पाण्यात ठरलेल्या मापाने चुना आणि तुरटी घालायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं. तुरटीतलं अॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून गाळात घेऊन बसतं. मघाशी मी तुरटी फिरवून काही होत नाही म्हणलं आणि आता तुरटीच सांगतेय, असं वाटेल. नऊचे आठ होत नाहीत हे खरंच, पण नऊला उचलून बाजूला नेता येतं. आणि घरात तुरटीचा खडा दोनदा फिरवणं म्हणजे नालगोंडा पद्धत नव्हे. पाण्यात फ्लोराइड किती आणि क्षारता किती, हे बघून माप ठरतं. अंदाजाने केलं तर एक तर फ्लोराइड राहतं, नाहीतर अॅल्युमिनियम पाण्यात उतरतं. दुसरा प्रकार म्हणजे अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर, तो मधूनमधून धुऊन पुन्हा तयार करावा लागतो. तिसरा आरओ. आरओने फ्लोराइड निघतं, पण जे पाणी तो बाहेर फेकतो त्यात ते जमा होतं, जास्त घट्ट होऊन. माझ्या ओळखीत एकांनी ते फेकलेलं पाणी आपल्याच बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं होतं! म्हणजे नऊवाला गडी पुढच्या दाराने काढला आणि मागच्या दाराने घरात घेतला.

सगळ्यात सोपं म्हणजे ज्या पाण्याने तो दगड बघितलाच नाही ते पाणी पिणं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरणं, नदीचं किंवा तलावाचं शुद्ध केलेलं पाणी आणणं. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तेवढं पुरे. अंघोळीला, कपड्यांना, गुरांच्या गोठा धुण्याला लाल पंपाचं पाणी चालतं, फ्लोराइड कातडीतून आत जात नाही.

आता किल्लारी.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं. आम्ही तेव्हा औशाला राहायचो, मी दुसरीत. आवाज अजून कानात आहे, त्यावर जास्त बोलत नाही. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मराठवाड्यात एवढा भूकंप होऊ शकतो हे शास्त्रज्ञांनाही अपेक्षित नव्हतं, म्हणून नंतर कितीतरी संस्था तिथे आल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे लोक पण आले. जमिनीला जिथे भेग पडून उंचवटा आला होता, तिथल्या मातीतली हवा त्यांनी तपासली. त्यात हेलियम सापडला, नेहमीपेक्षा विलक्षण जास्त. 1994 मध्ये त्यांनी ते ‘करंट सायन्स’ मासिकात छापलं.

हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो. प्रोटॉन 2. तो कुणाशीच संयुग करत नाही, हवेत दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग असतो. मग किल्लारीच्या मातीत एवढा आला कुठून?

खालून. किल्लारीला नंतर भोक पाडून बघितलं, 617 मीटर खोल. वरचे साधारण 338 मीटर काळा दगड, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक. किनवटला उघड्यावर दिसणाऱ्या दगडाचाच भाऊबंद, इथे झाकलेला. या खडकात थोडं युरेनियम आणि थोरियम असतं. युरेनियमचे प्रोटॉन 92. एवढे धनभार एका दाण्यात दाटीवाटीने, एकमेकांना ढकलत. त्यांना सांभाळणं केंद्रकाला जड जातं, आणि कधीतरी त्यातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा बाहेर फेकला जातो. 92 मधून 2 गेले, राहिले 90. आता ते युरेनियम नाहीच, थोरियम आहे. कुणी उकळलं नाही, कुणी घासलं नाही. आतून झालं. आणि तो जो गठ्ठा बाहेर पडला, दोन प्रोटॉनचा, त्याला वाटेत दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो झाला हेलियम.

ही साखळी पुढे चालत राहते. असे आठ गठ्ठे जातात, म्हणजे 16 प्रोटॉन कमी. मधे सहा वेळा न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, म्हणजे 6 वाढतात. 92 वजा 16 अधिक 6, झाले 82. आणि 82 म्हणजे शिसं. तिथे साखळी थांबते. परीस सापडला नाही म्हणलं ना मघाशी? किल्लारीखालच्या दगडात बदल चालूच आहे, फक्त त्यातून सोनं नाही, शिसं मिळतं, आणि निम्म्या युरेनियमचं शिसं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात.

तर हा हेलियम अब्जावधी वर्षं तयार होत त्या खडकाच्या कणाकणात अडकून बसला होता. भूकंपात खडक फुटला, वाट मोकळी झाली, तो वर आला. कुणाशी जुळत नसल्यामुळे वाटेत कुठे अडकला पण नाही. म्हणून भेग खाली किती खोल गेलीय याचा अंदाज घ्यायला शास्त्रज्ञ हेलियम शोधतात. मी सातवी-आठवीत असताना गावात काही लोक म्हणायचे, भूकंपाच्या वेळी जमिनीतून गॅस निघाला. मी ते अफवाच समजायचे. लोक नेमकं कशाबद्दल बोलत होते ते माहीत नाही, हेलियमला ना वास ना रंग. पण वायू निघाला होता हे खरं.

एक गोष्ट यात राहायला नको. युरेनियमचं थोरियम होताना आपण थांबवू शकत नाही, आणि फ्लोरिनचं ऑक्सिजन होताना आपण घडवू शकत नाही. पाण्यातला फ्लोरिन हा टिकाऊ जातीचा आहे. हजार वर्षांनी पण तो नऊच असेल. म्हणून ‘बोअर दोन-चार वर्षं बंद ठेवा, पाणी आपोआप सुधारेल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दगड तोच आहे.

परवा मावशीचा फोन आला होता. पत्र्याला पन्हळ लावून टाकी बसवलीय, पावसाळ्यापुरतं आणि पुढे दिवाळीपर्यंत पिण्याचं भागतं. त्यानंतर शेजारच्या गावच्या नळाचं पाणी, जार भरून. धाकटी नात दोन वर्षांची आहे, तिचे पक्के दात अजून यायचेत, म्हणून मी जरा जास्त मागे लागले होते. हंडा मात्र ती अजून उकळते, टाकीच्या पाण्याचा. मी म्हणलं, हे बरोबर करतीस, टाकीच्या पाण्यात जंतू असू शकतात. तर म्हणाली, "म्हंजे आता उकळलेलं चालतंय व्हय? तुमचं शास्त्र बी आमच्या तलाठ्यावाणीच हाय, रोज येगळं सांगतंय."

मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घर आणि वीट. या वेळी नातू पण स्पीकरवर ऐकत होता. त्याने विचारलं, "आत्या, तुरटीने जो गाळ बसतो, त्यात ते नऊवालं असतंयच की मग. तो गाळ कुठं टाकायचा?"

विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, तळाला पाणी मुरणार नाही अशा खड्ड्यात. त्याला सांगितलं, आणि तुम्हालाही तेच सांगते.

तुमच्या गावच्या बोअरचं पाणी कधी तपासलंय का, किती आकडा आला, ते कळवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्या, औषधाची किंवा थंड पेयाची जुनी बाटली नको, आणि वर बोअर कुठला ते लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.